क्लासचं वाजवणं

माझ्या नाकावर राग असतो हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते सांगायचे कष्ट नकोत. तेवीस वर्षं मी मुलांना व्हायोलिन शिकवतेय, चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या एका खोलीत. एक मोठा आरसा, सहा खुर्च्या, भिंतीला टेकवलेले स्टँड आणि सध्या चौदा मुलं. खालचा चावीवाला आणि मी, आमचं त्याच्या मशीनच्या किरकिरीवरून कायम वाजायचं. गेली काही वर्षं मात्र भांडण बंद होतं. त्याने नवीन, कमी आवाजाचं मशीन घेतलं असणार, असं मी धरून चालले होते. माणसाला उशिरा का होईना अक्कल आली म्हणायचं.

मुलांना मात्र अक्कल येत नव्हती. आजकालच्या पोरांच्या हातात जोरच नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. गज तारेवर असा ठेवतात जसं काही तारेला दुखणार आहे. "कुणाची झोप मोडायची भीती वाटतेय का रे? दाब. सगळा हात लाव." मग ती बिचारी दाबायची आणि मला बरं वाटायचं.

या सगळ्यांत गुणी म्हणजे माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही. आता सतरा वर्षांची आहे आणि वर्गात सगळ्यात शांत तीच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. सहाव्या वर्षी माझ्याकडे आली ती आजपर्यंत. यंदा वाद्यवृंदाच्या शाळेत व्हायोलिनची एकच जागा होती आणि भिंगरीला ती हवी होती. दुसरीकडे कुठेही तिने अर्ज भरला नव्हता. अठरा पूर्ण झाली की ती शाळा घेत नाही, म्हणजे पुढच्या वर्षीचा प्रश्नच नव्हता. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

चाचणीला शिक्षकाने सोबत यावं लागतं. मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसले, मुद्दाम. मागच्या भिंतीपर्यंत आवाज पोचतो की नाही ते बघायचं होतं. तिघे परीक्षक पुढे, पाठमोरे. तिने जी रचना घेतली होती तिची सुरुवात आणि शेवट दणदणीत आहे, पण मधला भाग हळू. नुसता हळू नाही, अगदी कुजबुजीइतका उतरत जातो आणि मग तसाच वर चढतो. तिच्या आधीच्या सात उमेदवारांनी त्या भागात अक्षरशः मान टाकली. हात हलतोय आणि आवाज नाही. मी मनातल्या मनात हसत होते. भिंगरी उभी राहिली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक सूर माझ्यापर्यंत स्वच्छ पोचला. मला तर वाटलं, चला, जागा खिशात.

दुपारी शिपायाने फळ्यावर कागद लावला. तिच्या नंबरासमोर "निवड नाही" लिहिलं होतं आणि त्यापुढे शेरा. "बोटांची तयारी उत्तम. संपूर्ण रचना एकाच जोरात. भाव नाही. हळू वाजवणं शिकवलेलंच दिसत नाही."

मी तो शेरा तीनदा वाचला. शिकवलेलंच दिसत नाही, म्हणजे बोट सरळ माझ्याकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भिंगरी माझा हात धरून "आत्या, नको, चल घरी" म्हणत होती. मी हात सोडवला आणि मुख्य परीक्षकांच्या खोलीत शिरले, दार न वाजवता.

ते उंच, किंचित वाकलेले गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेला. शेजारी टेबलापाशी त्यांची लेखनिक बाई निकालाचे कागद लावत होती. मी तोंडाचा पट्टा सोडला. अकरा वर्षांची मेहनत काय, तुमची खुर्ची काय, त्या आधीच्या सात मुलांचा तर आवाजच निघत नव्हता आणि तुम्हाला ती चालतात. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "बाई, बसा. तोच मधला भाग मी तुम्हाला वाजवून दाखवतो. तुमच्या मुलीने तो असा वाजवला असता तर मी आत्ता तुमच्याशी वाद घातला नसता."

मी बसले नाही. हाताची घडी घालून उभी राहिले. त्यांनी पेटीतून व्हायोलिन काढलं, खिडकीपाशी गेले, डोळे मिटले. उजवा हात हलू लागला. काही वादकांना सवय असते, वाजवण्याआधी गज तारेच्या वरच्यावर नुसताच फिरवून हात मोकळा करतात. मी वाट बघत राहिले. हात बराच वेळ मोकळा होत होता. लेखनिक बाईचं पेन कागदावरच थांबलं होतं आणि ती त्यांच्याकडे बघत होती, तोंड थोडं उघडं. मला हे नाटक असह्य झालं.

"सुरू कधी करताय?" मी विचारलं.

त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं. लेखनिक बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं वाजवून," ते म्हणाले.

मला वाटलं माझी थट्टा चाललीय. मी त्या बाईकडे वळले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, थट्टेचा मागमूस नव्हता. मग माझी नजर त्या गजाकडे गेली. तो तारेच्या वर नव्हता. तारेवरच होता. मघाशी नाकारलेल्या खुर्चीत मी मुकाट्याने बसले.

परीक्षक माझ्यासमोर येऊन बसले. सावकाश, तोंड नीट दिसेल असं बोलले, आणि ते तसं का बोलतायत हे कळून मला जास्तच धक्का बसला. ते म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांकडे जा. आजच जा. आणि नियमात एक गोष्ट आहे. आजारपणामुळे चाचणी बिघडली तर तीन दिवसांत फेरचाचणी मागता येते."

"मुलगी ठणठणीत आहे," मी म्हटलं.

"नियमात 'उमेदवार किंवा सोबतचा शिक्षक' असं लिहिलंय. मात्र डॉक्टरांचा दाखला लागतो. आणि कारण स्पष्ट लिहून द्यावं लागतं. ते फळ्यावर लागतं, बाकीच्या उमेदवारांना कळावं म्हणून."

मी बाहेर आले. भिंगरी जिन्याच्या पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काय दिसावं? आश्चर्य नाही. नुसती भीती. एखादं झाकून ठेवलेलं भांडं शेवटी फुटल्यावर दिसते तशी.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली असतील."

"आणि बाकीच्यांना?"

तिने मान खाली घातली.

"सगळ्यांना?"

"क्लासचं वाजवणं आणि घरचं वाजवणं असं म्हणतो आम्ही," ती म्हणाली. "नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला जिन्यात सांगतात. बाईंसमोर सगळं जोरात वाजवायचं. घरी गेलं की कागदावर लिहिलंय तसं."

चौदा मुलं. त्यांतली सर्वांत लहान सात वर्षांची. ती सात वर्षांची चिमुरडी माझ्यासमोर जोर लावून वाजवायची आणि घरी जाऊन नीट वाजवायची, आणि मी तिच्या पाठीवर थाप मारायचे, "आता कसं!" म्हणून. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"बाबांनी सांगितलं होतं ना. तू त्यांना जेवणावरून उठवलंस."

ते खरं होतं. भाऊ एकदा म्हणाला होता, "ताई, कान दाखवून घे गं एकदा." मी म्हटलं होतं, "तू तुझं डोकं दाखवून घे." त्यानंतर महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याने पुन्हा विषय काढला नाही, यात त्याची काय चूक.

"बरं, ते जाऊ दे," मी म्हटलं. "पण आज? आज क्लास नव्हता. आज तरी घरचं वाजवायचं होतंस ना, मूर्ख मुली. तुझी जागा गेली. कळतंय का तुला?"

"कळतंय," ती म्हणाली. मग पेटीच्या कडीशी चाळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरचंच वाजवणार होते. पण तू शेवटच्या रांगेत बसलीस."

"मग?"

"तिथून तुला काहीच ऐकू आलं नसतं, आत्या. एवढी वर्षं शिकवलंस आणि तुला नुसता हात हलताना दिसला असता. मला ते जमेना."

मी जिन्याचा कठडा धरला.  या पोरीने स्वतःची जागा घालवली होती, शुद्धीवर असताना, समजून उमजून, का, तर मागच्या रांगेतल्या एका बहिऱ्या बाईला चार ओळी ऐकू याव्यात. तिच्या एक मुस्कटात द्यावी की तिला कवटाळावं, ते कळेना. दोन्ही केलं नाही. तिची पेटी उचलली आणि चालायला लागले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी नादकाटा टेबलावर आपटला आणि माझ्या कानासमोर धरला. मला काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला आणि माझ्या डोक्यात तो सूर लख्ख वाजला. मी दचकून मागे सरले.

"आतलं एक चिमुकलं हाड घट्ट होत चाललंय," त्या म्हणाल्या. "हवेतून येणारा आवाज अडतो. हाडातून येणारा थेट पोचतो. तुम्ही व्हायोलिन जबड्याखाली धरता ना? म्हणजे तुमचं स्वतःचं वाजवणं तुम्हाला आजही पूर्वीसारखंच ऐकू येत असणार, अगदी हळूसुद्धा."

येत होतं. तेच तर माझं प्रमाण होतं. मी वाजवून दाखवायचे, मला सगळे बारकावे ऐकू यायचे, मुलं वाजवायची आणि मला अर्धं गायब. मग दोष कुणाचा? मुलांचा. याखेरीज दुसरं काही माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. दुसऱ्या एखाद्या वाद्याची शिक्षिका असते तर केव्हाच ठेचकाळले असते. माझ्याच वाद्याने मला इतकी वर्षं फसवलं होतं.

"यंत्र बसवता येईल," त्या म्हणाल्या. "मापं घेऊन तयार व्हायला महिना लागेल." मी म्हटलं, आधी दाखला द्या.

क्लासवर परत आले तेव्हा चावीवाला मशीनवर वाकला होता. त्याच्या अगदी समोर जाऊन मी विचारलं, "हे नवीन मशीन घेतलंत कधी?" त्याने हात थांबवला. "कसलं नवीन? तेच आहे, सोळा वर्षांचं खटारं." मग जरा चाचरत म्हणाला, "तुम्ही भांडायचं बंद केलंत, तेव्हा मला वाटलं, बाई निवळल्या." मी वर जाऊन आरशाकडे पाठ करून बसले.

पत्र लिहायला बसले तेव्हा भाऊ आला. त्याला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, "ताई, आजारपण, एवढंच लिही. कानाचं लिहू नकोस. त्या फळ्यासमोर गावातला प्रत्येक संगीत शिक्षक उभा राहतो. तुझ्या मुलांचे आईबाप जातात तिथे. कोण पाठवेल मग तुझ्याकडे?"

तो बरोबर बोलत होता. मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा धड येत नाही, हे त्याने लहानपणापासून सोसलंय. ती खोली आणि ती चौदा मुलं, एवढाच माझा संसार. पण नुसतं "आजारपण" लिहिलं असतं तर परीक्षकांनी ते परत केलं असतं, आणि तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ उलटली की भिंगरीची जागा दुसऱ्याची. मी लिहिलं: "मला हळू वाजवलेलं ऐकू येत नाही. हे मला चाचणीच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीला हळू वाजवता येतं. मला ऐकू जावं म्हणून तिने त्या दिवशी जोरात वाजवलं. दोष तिचा नाही." खाली सही केली, क्लासचा शिक्का मारला. भावाने ते वाचलं आणि माझ्यापुढे पाणी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते पत्र फळ्यावर होतं. आम्ही फेरचाचणीला गेलो तेव्हा दोन शिक्षक आणि एक आई ते वाचत होते. आईला मी ओळखत होते, तिचा मुलगा मंगळवारी येतो. तिने मला पाहिलं आणि नजर चुकवली. मी सरळ पुढे गेले.

या खेपेला मी दुसऱ्या रांगेत बसले. जिन्यात भिंगरीला दहा वेळा बजावलं होतं: माझ्याकडे बघायचं नाही, परीक्षकांसाठी वाजव, कागदावर आहे तसं वाजव. तिने दहाही वेळा मान डोलावली होती. सुरुवात झकास झाली. तो दणदणीत भाग मला व्यवस्थित पोचला. मग मधला भाग आला. तिने गज हलका केला, पहिली ओळ माझ्यापर्यंत आली नाही आणि मला हायसं वाटलं.

आणि तेवढ्यात तिने डोळे वर केले. माझ्याकडे. मी चेहरा जमेल तितका सरळ ठेवला, पण अकरा वर्षं जो चेहरा ती वाचत आली तो काय एका दिवसात बदलणार? तिचा उजवा कोपर खाली गेला. तो कोपर मी घडवलेला, मला तो झोपेतही ओळखू येईल. गज तारेत रुतला आणि पुढचा सूर मला ऐकू आला. स्वच्छ ऐकू आला. मुख्य परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. पुढचाही सूर आला, आणखी मोठा.

मी उठले. माझी खुर्ची बहुतेक पडली, कारण तिघेही परीक्षक एकदम मागे वळून बघायला लागले. भिंगरीचे डोळे मोठे झाले, पण तिचा हात थांबला नाही, तेवढं मी तिला शिकवलंय. मी रांगेतून बाहेर आले, तिच्याकडे पाठ केली, दार उघडलं, बाहेर आले आणि ते ओढून घेतलं.

बाहेर तोच शिपाई स्टुलावर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन भडाभडा बोलायला लागले. मी तिथे असेपर्यंत पोरगी दाबूनच वाजवणार, मला उठावंच लागलं, आता काय होतंय देव जाणे. तो घाईघाईने उठला आणि त्याने दोन्ही हात खाली दाबून दाखवले. मी किती मोठ्याने बोलत होते, ते त्या हातांकडे बघून कळलं. घाबरले की मी ओरडतेच. 

मी आवाज आवळून विचारलं, "थांबली का ती?"

त्याने मान हलवली. नाही. मग तो दाराकडे सरकला. मघाशी आम्ही आलो तेव्हा हाच माणूस म्हणाला होता की एवढी वर्षं इथे बसतोय पण यातलं मला ओ का ठो कळत नाही. त्याने आता कान दाराला लावला होता. त्याचा एक हात हवेत तसाच राहिला, मला थोपवायला वर केलेला.

संध्याकाळी फळ्यावर भिंगरीचा नंबर लागला, माझ्या पत्राच्या शेजारीच. जागा तिला मिळाली. मंगळवारचा तो मुलगा पुढच्या मंगळवारी आला नाही, त्यानंतर आणखी तिघे आले नाहीत. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी मी बंद दारासमोर उभी होते आणि मला काहीही म्हणजे काहीही ऐकू येत नव्हतं.

"संपलं का?" मी विचारलं.

"अजून आहे," त्याचे ओठ हलले.

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. "अहो, अजून आहे?"

"बाई, गप्प बसा ना जरा," तो दारावरचा कान न काढता, नुसते ओठ हलवत म्हणाला, "ऐकू द्या की."

तेवीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी त्याच्या रिकाम्या स्टुलावर बसले आणि दार उघडेपर्यंत त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.